बिनतारी पूल : पट्टा किती रुंद, वाहतूक किती?

गावातल्या शाळेत संगणक आले आहेत, पण इंटरनेटची केबल दहा किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावापर्यंतच पोचली आहे. मधे ओढा, शेती आणि रेल्वेचे रूळ. केबल पुढे न्यायची तर खोदाईचा खर्च आणि परवानग्यांची यातायात. अशा वेळी दोन्ही गावांतल्या उंच इमारतींवर, एकमेकींकडे तोंड करून, रेडिओच्या दोन छोट्या तबकड्या बसवतात. इकडच्या जाळ्यातली माहिती तिकडे आणि तिकडची इकडे नेणाऱ्या या जोडीला बिनतारी पूल किंवा ‘वायरलेस ब्रिज’ म्हणतात.

या उपकरणाच्या खोक्यावर ठळक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो : ‘३०० मेगाबिट प्रति सेकंद’. बसवून झाल्यावर मोजून पाहावे तर हाती येतात कुठे ८०, कुठे ४०, आणि मधली झाडे वाढली तर त्याहूनही कमी. मग कोणीतरी सुचवते, ‘पट्टा रुंद करा, वेग दुप्पट होईल.’ कधी तो जवळजवळ दुप्पट होतो, कधी जेमतेम वाढतो आणि कधी चक्क कमी होतो. असे का होते हे समजायला शालेय भौतिकशास्त्र आणि लॉगरिदमची ओळख एवढे पुरते. समजून घेतले तर शाळेचे पैसे वाचतात आणि शेजाऱ्यांना त्रासही होत नाही.

पट्टा म्हणजे काय?

या पुलांसाठी बहुधा ५.८ गिगाहर्ट्झच्या आसपासचे तरंग वापरतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ५८० कोटी कंपने. एकाच वारंवारतेचा, अजिबात न बदलणारा तरंग कितीही वेळ पाठवला तरी त्यातून काही कळत नाही. शिट्टी अखंड वाजत राहिली तर ‘वाजते आहे’ यापलीकडे काय समजणार? ती थांबवत, लांबवत, कमीजास्त करत वाजवली तरच खूण होते. तरंगाचेही तसेच आहे. निरोप पाठवायचा तर त्यात बदल करावे लागतात, आणि बदल करताच मूळ वारंवारतेच्या दोन्ही बाजूंच्या वारंवारताही त्यात मिसळतात. बदल जितके झपाट्याने करावेत, तितका हा पसारा वाढतो. या पसाऱ्याची रुंदी म्हणजे पट्टारुंदी, इंग्रजीतली ‘बँडविड्थ’. बिनतारी पुलांत ती ५, १०, २०, ४० किंवा ८० मेगाहर्ट्झ अशी निवडता येते.

इथे एक घोटाळा टाळायला हवा. रोजच्या बोलण्यात इंटरनेटच्या वेगालाही बँडविड्थ म्हणतात. पण पट्टारुंदी मोजतात हर्ट्झमध्ये आणि माहिती वाहण्याची क्षमता मोजतात ‘बिट प्रति सेकंद’मध्ये. एक आहे रस्त्याची रुंदी, दुसरी त्यावरून होणारी वाहतूक. दोन्हींचा संबंध आहे, पण त्या एकच नव्हेत.

३०० हा आकडा आला कुठून?

आधी एक जुने, सोपे उदाहरण घेऊ. १९९९ साली मान्य झालेल्या एका वाय-फाय मानकात २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचे ६४ अरुंद धागे पाडले आहेत. त्यांतले ४८ धागे माहिती वाहतात. बाकीचे मोजमापासाठी वापरतात किंवा कडेला मोकळे सोडतात. दर ४ मायक्रोसेकंदांना प्रत्येक धाग्यावरून एक चिन्ह जाते. चिन्हे ६४ प्रकारची असतील तर एका चिन्हात ६ बिट मावतात, कारण २ चा सहावा घात ६४ होतो. पाठवलेल्या दर ४ बिटांपैकी ३ खऱ्या माहितीचे, तर एक चुका दुरुस्त करण्यासाठी. मग हिशोब असा :

४८ × ६ × ३/४ = २१६ बिट, दर ४ मायक्रोसेकंदांना.
म्हणजे ५४ मेगाबिट प्रति सेकंद.

२००९ च्या मानकाने पट्टा ४० मेगाहर्ट्झपर्यंत वाढवला आणि माहितीचे धागे १०८ झाले. दुरुस्तीसाठी सहातला एकच बिट ठेवला. दोन चिन्हांमधली उसंत कमी करून चिन्हाचा काळ ३.६ मायक्रोसेकंदांवर आणला. १०८ × ६ × ५/६ = ५४० बिट, भागिले ३.६ मायक्रोसेकंद, बरोबर १५० मेगाबिट प्रति सेकंद. पुलाच्या तबकडीतून दोन स्वतंत्र तरंग पाठवता येतात, एक उभा कंप पावणारा आणि एक आडवा. १५० ची दुप्पट ३००.

तेव्हा खोक्यावरचा आकडा खोटा नाही. पण त्यामागे चार अटी आहेत : पट्टा पूर्ण ४० मेगाहर्ट्झचा हवा, प्रत्येक धाग्यावर सर्वांत बारीक चिन्हे ओळखू आली पाहिजेत, दोन्ही तरंग स्वच्छ पोचले पाहिजेत आणि रेडिओने क्षणभरही थांबता कामा नये. यांतली शेवटची अट तर कधीच पाळली जात नाही. तिच्याकडे पुढे वळू. आधी बारीक चिन्हांचा प्रश्न पाहू.

पुठ्ठ्यांचा प्रयोग

शाळेच्या मैदानावर करता येण्याजोगा हा प्रयोग आहे. सारख्या आकाराच्या पुठ्ठ्यांचे दोन संच करा. पहिल्यात एक काळा आणि एक पांढरा, असे दोनच पुठ्ठे. दुसऱ्यात पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत चढत्या करड्या छटांचे सोळा पुठ्ठे. एक विद्यार्थी ठरावीक वेळाने एकेक पुठ्ठा उंच धरतो आणि समोरचे विद्यार्थी तो ओळखून वहीत लिहितात. पहिल्या संचात दर पुठ्ठ्यामागे १ बिट जातो, दुसऱ्यात ४ बिट.

पाच पावलांवरून सोळा छटा ओळखणे जमते. मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून मात्र शेजारच्या छटा एकसारख्या दिसू लागतात आणि चुका वाढतात. तिथे काळा-पांढरा संचच कामाला येतो. हळू, पण भरवशाचा.

आता पट्टा रुंद करू. दोन विद्यार्थी शेजारी उभे राहून एकाच वेळी एकेक पुठ्ठा दाखवतील. पण एक अट आहे : एकूण पुठ्ठा तेवढाच, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला निम्म्या आकाराचा तुकडा. जवळून पाहताना आकाराने फारसे बिघडत नाही आणि माहिती जवळजवळ दुप्पट वेगाने जाते. दुरून मात्र निम्मा तुकडा ओळखणे जड जाते आणि दोघांचे मिळूनही काम पहिल्या एकापेक्षा फार पुढे सरकत नाही. रेडिओचे असेच आहे. प्रक्षेपकाची एकूण शक्ती यंत्राने आणि कायद्याने ठरलेली असते. पट्टा दुप्पट केला की तीच शक्ती दुप्पट रुंदीत पसरते.

गोंगाट आणि शॅननचा नियम

रेडिओच्या बाबतीत नजरेआड करणारे अंतर एकटे नसते, गोंगाटही असतो. कोणत्याही वाहकातले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत धडपडत असतात आणि त्यातून बारीकसा विद्युत गोंगाट निर्माण होतो. जॉन्सन आणि नायक्विस्ट या शास्त्रज्ञांनी १९२८ साली त्याचे मोजमाप आणि सिद्धांत मांडला. तो सर्व वारंवारतांवर सारखाच पसरलेला असतो. म्हणून पट्टा दुप्पट उघडला की आत येणारा गोंगाटही दुप्पट होतो.

आपल्या दहा किलोमीटरच्या पुलाचे आकडे घालून पाहू. तबकडीने एका दिशेला एकवटलेली शक्ती ४ वॅटच्या बरोबरीची आहे आणि पलीकडची तबकडी आलेला संदेश सुमारे २०० पट गोळा करते असे धरू. मधे अडथळा नसेल तर ग्राहीत पोचणारी शक्ती १ वॅटच्या सुमारे ७४० कोटीव्या भागाइतकी भरते. २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला गोंगाट, ग्राहीने स्वतः घातलेली भर धरून, १ वॅटच्या सुमारे तीन लाख कोटीव्या भागाइतका असतो. म्हणजे संदेश गोंगाटाच्या सुमारे ४०० पट. इतका क्षीण संदेशही उत्तम समजला जातो, कारण खरा प्रश्न गुणोत्तराचा आहे.

या गुणोत्तरावरून क्षमता किती, हे क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली बेल प्रयोगशाळेत काम करताना दाखवून दिले :

क्षमता = पट्टारुंदी × (१ + संदेश/गोंगाट) या संख्येचा २ या पायाचा लॉगरिदम

ही कमाल मर्यादा आहे. कितीही हुशारीने यंत्र बनवले तरी ती ओलांडता येत नाही. तीन प्रसंगांत तिचे उत्तर काय येते ते पाहू. आकडे मेगाबिट प्रति सेकंद असे आहेत, आणि गुणोत्तर २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी दिले आहे.

१० किलोमीटर, मोकळी हवा (गुणोत्तर ४००) : २० मेगाहर्ट्झला १७३, ४० ला ३०६, ८० ला ५३३.
४० किलोमीटर, मोकळी हवा (गुणोत्तर २५) : २० ला ९४, ४० ला १५०, ८० ला २२९.
मधे दाट झाडी (गुणोत्तर १) : २० ला २०, ४० ला २३, ८० ला २६.

अंतर चौपट झाले की शक्ती सोळावा हिस्सा होते, म्हणून ४०० चे २५. शेवटच्या ओळीकडे विद्यार्थ्यांचे लक्ष जरूर वेधावे. संदेश गोंगाटाइतकाच असताना पट्टा चौपट केला, तरी क्षमता २० वरून २६ वरच गेली. पट्टा अमर्याद वाढवला तरी ती २९ च्या पुढे जाणार नाही. शक्ती अपुरी असताना रुंदी उपयोगाची नाही.

यंत्राच्या पायऱ्या

शॅननच्या सूत्राप्रमाणे रुंदीने फायदा थोडा होईल, पण तोटा होणार नाही. मग प्रत्यक्षात वेग घटतो तो का? कारण खरे यंत्र उतारावरून घसरत नाही, पायऱ्या उतरते. चिन्हे २ प्रकारची, ४ प्रकारची, १६ प्रकारची, ६४ प्रकारची अशा ठरलेल्या पायऱ्या असतात. १९९९ च्या त्याच मानकात सर्वांत खालच्या पायरीला ६ मेगाबिट वेग मिळतो आणि सर्वांत वरच्या पायरीला ५४. वरच्या पायरीसाठी ग्राहीकडे खालच्या पायरीच्या सुमारे ५० पट शक्ती यावी लागते. वेग नऊपट, शक्ती पन्नासपट.

पट्टा दुप्पट केला की प्रत्येक पायरीला दुप्पट शक्ती लागते. पूल आधीच खालच्या पायरीवर लटपटत असेल, तर रुंदी वाढवताच तो पायरीवरून खाली येतो आणि जोडणीच तुटते. उलट पट्टा २० वरून १० वर आणला तर शक्ती अरुंद जागेत एकवटते आणि तोच पूल स्थिर होतो.

दुसरे कारण शेजाऱ्यांचे. रुंद पट्ट्यात उष्णतेच्या गोंगाटाबरोबर इतर रेडिओही ऐकू येतात. २.४ गिगाहर्ट्झचा लोकप्रिय पट्टा मुळात ८३.५ मेगाहर्ट्झ रुंद. त्यात २० मेगाहर्ट्झचे, एकमेकांवर न चढणारे तीनच मार्ग व्यवहारात बसतात. तिथे ४० चा मार्ग उघडला की कोणी ना कोणी शेजारी त्यात येतोच, आणि त्याचा आवाज आपल्या गोंगाटात जमा होतो.

वेळेची वाटणी

आता ती चौथी अट : रेडिओने कधीही थांबू नये. नेहमीच्या बिनतारी पुलात दोन्ही दिशांना एकच पट्टा वापरतात, त्यामुळे एक बोलतो तेव्हा दुसऱ्याने ऐकायचे असते. शिवाय प्रत्येक पुडक्याची पोच द्यावी लागते. १५०० बाइटचे, म्हणजे १२,००० बिटांचे एक पुडके ५४ मेगाबिटच्या वेगाने पाठवू. प्रास्ताविक खुणांसह त्याला सुमारे २५० मायक्रोसेकंद लागतात. मग १६ मायक्रोसेकंद थांबा. पोच यायला २८. पुन्हा ३४ थांबा. दोघांनी एकदम बोलू नये म्हणून चिठ्ठी टाकल्यासारखी यादृच्छिक प्रतीक्षा, सरासरी ६७. एकूण ३९५ मायक्रोसेकंद. १२,००० भागिले ३९५ म्हणजे जेमतेम ३० मेगाबिट प्रति सेकंद. सगळे काही उत्तम चालले असतानाही ५४ चे ३० झाले. पुढच्या मानकांनी अनेक पुडकी एकत्र बांधून हा तोटा पुष्कळ कमी केला, पण तो पूर्ण जात नाही. साधारण निम्मे हाती येईल असे धरून चालणे शहाणपणाचे.

अंतराचाही वाटा असतो. प्रकाशाच्या वेगानेही दहा किलोमीटरला ३३ मायक्रोसेकंद लागतात, जाऊन-येऊन ६७. ऐकणाऱ्याची पोच तेवढी उशिरा येते. घरगुती वाय-फायचे घड्याळ इतक्या उशिराची अपेक्षा करत नाही. ते पुडके हरवले असे समजून पुन्हा पाठवत बसते. व्हेनेझुएलात एर्मानो पिएत्रोसेमोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दोन पर्वतांवरून ३८२ किलोमीटरची वाय-फाय जोडणी करून दाखवली. तिथे संदेशाला जाऊन-येऊन अडीच हजार मायक्रोसेकंद लागत होते, म्हणजे पुडके पाठवण्याच्या दहापट वेळ नुसत्या वाट पाहण्यात. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी नियम बदलले : प्रत्येक पुडक्यामागे पोच न मागता दोन्ही टोकांना बोलण्याच्या ठरावीक पाळ्या द्यायच्या आणि पोच एकगठ्ठा घ्यायची. या पद्धतीने त्या अंतरावर प्रत्येक दिशेला सुमारे ३ मेगाबिट प्रति सेकंद एवढी वाहतूक झाली. आज चांगल्या बिनतारी पुलांत अशी पाळीची सोय असते. कालव्याच्या पाण्याची पाळी ठरलेली असली की बांधावर भांडणे होत नाहीत, तसेच हे.

हवा सर्वांची

भारतात २०१८ च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचे एकूण ६०५ मेगाहर्ट्झ विनापरवाना वापरासाठी मोकळे झाले. त्यांतला ५.७२५ ते ५.८७५ गिगाहर्ट्झ हा भाग लांबच्या पुलांना सोयीचा, कारण तिथे जास्त शक्तीची मुभा आहे. त्याची रुंदी १५० मेगाहर्ट्झ. साध्या भागाकाराने त्यात २० चे सात मार्ग बसतात, ४० चे तीन आणि ८० चा एकच. एकाच टेकडीवरून शाळा, आरोग्य केंद्र, बँक आणि दूध संघ असे चार पूल निघत असतील आणि पहिल्याने ८० घेतला, तर उरलेल्यांची पंचाईत होते. काही दिवसांनी तेही रुंद पट्टे लावतात, सगळ्यांचा गोंगाट वाढतो आणि सगळेच खालच्या पायरीवर येतात.

रुंदीपेक्षा पोच महत्त्वाची ठरते याचे एक उदाहरण आपल्या जवळचे आहे. दूरदर्शन प्रसारणासाठी राखलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झमध्ये ८ मेगाहर्ट्झचे १५ मार्ग आहेत. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, देशात जवळजवळ सर्वत्र यांतले किमान १२ मार्ग रिकामे असल्याचे दिसले. याच संस्थेने पालघर जिल्ह्यातील काही गावांत या रिकाम्या मार्गांवरून इंटरनेट नेण्याचे प्रयोग केले. ८ मेगाहर्ट्झ म्हणजे अरुंदच. पण ५.८ गिगाहर्ट्झच्या तरंगाची लांबी ५ सेंटिमीटर, तर या तरंगांची अर्ध्या मीटरहून अधिक. पाने-फांद्यांतून ते कितीतरी कमी क्षीण होऊन पार जातात. झाडीच्या, डोंगराळ भागात रुंद पण अडणाऱ्या वाटेपेक्षा अरुंद पण पोचणारी वाट बरी.

शाळेने काय विचारावे?

पूल बसवणाऱ्याला पुढचे प्रश्न जरूर विचारावेत, आणि त्याआधी वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांकडून त्यांचा हिशोब करून घ्यावा.

गरज किती? ३० संगणकांवर एकाच वेळी प्रत्येकी २ मेगाबिटचे चलच्चित्र पाहायचे असे धरले, तरी लागतात ६०. चांगल्या स्थितीतल्या २० मेगाहर्ट्झच्या पुलाला हे बहुतेक झेपते.

पलीकडे किती आहे? पूल इंटरनेट निर्माण करत नाही, फक्त वाहून नेतो. तालुक्याच्या गावातली मूळ जोडणी ५० मेगाबिटची असेल तर ३०० चा पूल लावून ५० च मिळणार. खोक्यावर ३०० लिहिलेल्या काही उपकरणांची केबलची खोबणच १०० मेगाबिटची असते, हेही तपासावे.

वाट मोकळी आहे का? दुर्बिणीतून पलीकडची तबकडी दिसली म्हणून भागत नाही. दहा किलोमीटरच्या पुलात वाटेच्या मधोमध तरंगांना सुमारे ११ मीटर त्रिज्येची जागा लागते आणि त्यातला निदान साठ टक्के भाग मोकळा हवा. ५.८ गिगाहर्ट्झला पावसाचा त्रास फारसा नाही, ओल्या पानांचा आहे. म्हणून पाहणी पावसाळ्यानंतर, झाडे भरात असताना करावी.

सर्वांत शेवटी रुंदी. आधी तबकड्या नीट जुळवून संदेश-गोंगाट गुणोत्तर वाढवावे. मग १० किंवा २० मेगाहर्ट्झवर पूल चालवून दिवसातून तीन-चार वेळा वेग मोजावा. गरज भागत नसेल आणि शेजारी जागा मोकळी असेल तरच ४० कडे जावे. रुंदी बदलण्यापूर्वीचे आणि नंतरचे आकडे विद्यार्थ्यांनी आलेखावर मांडले तर लॉगरिदमचा तो वाकडा आलेख त्यांना पाठ्यपुस्तकाबाहेर, शाळेच्याच छपरावर भेटेल.